कॉफींतलें पाणी

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढूं लागण्यापूर्वीं अलोरे या गांवावरून जातो. रत्नागिरी जिल्ह्यांतील हें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेलें असून पावसाळ्याचे चार महिने त्याच्या माथ्यावरील डोंगर ढगांत बुडालेले असतात. एरवीं कोंकणांतील शेंकडों गांवांसारखेंच हें एक गांव म्हणावयाचें. परंतु कोयना प्रकल्पामुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें. घाटमाथ्यावर शिवाजीसागरांत सांठलेलें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यानें पश्चिमेकडे आणलेलें आहे. पोफळीच्या भूमिगत विद्युद्गृहांत तें पावणेपांचशें मीटरांच्या आसपास उंचीवरून कोसळतें, आणि तेथें चक्रें फिरवून मोकळें झालेलें हेंच पाणी कोळकेवाडीच्या धरणांत पुन्हां अडविलें जातें. तेथून तें आणखी सुमारें ११० मीटर खालीं उतरून अलोऱ्याजवळच्या विद्युद्गृहांत दुसऱ्यांदा कामास लागतें. प्रकल्पाच्या या तिसऱ्या टप्प्याची क्षमता ३२० मेगावॉट आहे. एकच पाणी दोनदां राबविण्याची ही युक्ति पाहून विचारी माणूसहि क्षणभर थक्क होतो.

या गांवाचा आणि कॉफीचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. एस्प्रेसो या नांवानें जगभर ओळखली जाणारी इटालियन कॉफी म्हणजे दाबाखालीं कोंडलेल्या कढत पाण्याचा अर्ध्या मिनिटाचा पराक्रम होय. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें नऊपट धरतात. पाण्याच्या उंचीच्या भाषेंत बोलावयाचें तर ९२ मीटरांच्या आसपास उंच उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाच्या तळाशीं जेवढा दाब असेल, तेवढा हा भरतो. म्हणजे अलोऱ्याच्या चक्रांवर जो दाब येतो, त्याहून थोडाच कमी असा दाब स्वयंपाकघराच्या ओट्यावरील एका लहानशा यंत्रांत निर्माण करावयाचा, आणि त्याच्या बळावर सात-आठ ग्रॅम पुडींतून अवघें २५ ते ३० मिलिलिटर पेय काढावयाचें, असा हा व्यवहार आहे.

परंतु एवढें करून हातीं येणारा तो अंगठ्याएवढा पेला पाहून मराठी मनाचें समाधान होत नाहीं. आपल्याकडे कॉफी हें बसून, बोलत, बशींत ओतून अगर पेला हातांत धरून पिण्याचें पेय आहे. दोन घोटांत संपणाऱ्या कॉफीनें पाहुण्याचें आतिथ्य झालें असें कोणा गृहिणीस वाटावयाचें नाहीं. मग ती कॉफी लांबवावयाची कशी? इटालियन भाषेंत लांब कॉफीला ‘लुंगो’ म्हणतात, आणि ती करण्याच्या दोन वाटा आहेत. त्याच पुडींतून अधिक पाणी पार करावें, ही एक. आणि आखुड कॉफी काढून तींत वेगळें ऊन पाणी घालावें, ही दुसरी. वरवर पाहतां दोहोंचा परिणाम एकच, पेला भरणें हा. वस्तुतः या दोन वाटा अगदीं भिन्न असून कॉफीचा सारा इतिहास या भेदाभोंवतीं फिरला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा भेद समजून घेण्यास परदेशीं जावयास नको. वनस्पतींतील गुण काढून घेण्याच्या पांच रीति आपल्या वैद्यकानें पूर्वींच सांगून ठेविल्या आहेत. ओली वनस्पति पिळून निघतो तो स्वरस. वाटून होतो तो कल्क. पाण्यांत उकळून आटविलेला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. रात्रभर थंड पाण्यांत भिजवून गाळलेला तो हिम. आणि चूर्णावर कढत पाणी ओतून, झांकून, मग गाळलेला तो फांट. जगांतील कॉफीच्या बहुतेक सर्व रीति या वर्गीकरणांत बसतात. तुर्कांची कॉफी आणि मराठी घरांतील जुनी उकळलेली कॉफी हा क्वाथ होय. दक्षिणेंतील लोक पितळी गाळणपात्रांत पूड घालून वरून कढत पाणी ओततात, तो फांट. हल्लीं शहरांतून बाटल्यांत मिळणारी थंड पाण्याची कॉफी हा हिम. एस्प्रेसो ही या फांटाचीच कन्या. मात्र तिच्या पाण्यामागें दाबाचा हात आहे. काढ्याचे सोळा भाग पाणी आटवून दोन भाग उरवावयाचें, म्हणजे अष्टमांश ठेवावयाचें, असा शास्त्राचा नियम आहे. कारण औषधांत कडू तेंहि हवेंच असतें. कॉफीचें तसें नाहीं. तिच्यांतील सगळें घ्यावयाचें नसून निवडक तेवढेंच घ्यावयाचें असतें, आणि पाण्याचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

कोळकेवाडीहून सुटलेलें पाणी शेवटीं वाशिष्ठी नदीस मिळतें, आणि वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत जाऊन दाभोळच्या खाडीनें समुद्रास मिळते. आज शांत दिसणारें हें दाभोळ बहामनी आणि आदिलशाही अमदानींत पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठें बंदर होतें. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदा यानें तें जाळलें, तरी त्याचा व्यापार पुन्हां उभा राहिला. सतराव्या शतकाच्या आरंभींच्या इंग्रज दर्यावर्द्यांच्या वृत्तांतांत तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या दाभोळच्या जहाजांचे उल्लेख येतात. या जहाजांचें मुक्कामाचें ठिकाण होतें येमेनमधील मोखा. आणि मोखा हें त्या काळीं साऱ्या जगाच्या कॉफीचें दार होतें.

येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणांत झोंप येऊं नये म्हणून पंधराव्या शतकांत कॉफी पीत असत. तेथून ती मक्केस गेली. १५११ सालीं मक्केच्या अधिकाऱ्यानें तिजवर बंदी घातली, परंतु ती टिकली नाहीं. यात्रेकरू, व्यापारी व खलाशी यांच्या संगतीनें हें पेय हिंदुस्थानांत आलें. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर जहांगीर बादशहाच्या दरबारीं राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविलें आहे, कीं येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजीं एक काळें बीं पाण्यांत उकळून पितात. त्यानें पाण्यास रंग येतो, पण पाण्याची चव फारशी पालटत नाहीं. हा काळ १६१६ ते १६१९ चा. या भूमींतील कॉफीच्या अगदीं आरंभींच्या वर्णनांपैकीं हें एक, आणि त्यांतहि तक्रारीचा सूर आहे तो पाणी फार झाल्याचाच! हा योगायोग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

पुढें येथील मातींत कॉफी रुजली, ती बाबा बुदन यांच्या हातून, अशी परंपरागत कथा आहे. मक्केची यात्रा करून परत येतांना या साधुपुरुषानें मोख्याहून कॉफीचे सात दाणे आणून चिकमगळूरनजीकच्या चंद्रगिरीच्या डोंगरावर पेरले, असें सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. सतराव्या शतकांतील ही गोष्ट. अलोऱ्याच्या माथ्यावर जी पर्वतराजी उभी आहे, तीच दक्षिणेकडे पसरत जाऊन कर्नाटकांत कॉफीचे मळे अंगावर वागविते. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं तेथें मोठ्या प्रमाणावर लागवड केली, आणि कॉफी ही घरगुती कुतूहलाची वस्तु न राहतां बाजारची वस्तु बनली.

मराठी शहरी घरांत कॉफी शिरली ती मुख्यतः मुंबईच्या वाटेनें. १८८८ सालीं पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी तरुणानें मुंबईंत कॉफी भाजून दळून विकण्याचा धंदा सुरू केला. पॉल्सन हें त्याच्या मालाचें नांव पुढें लोण्यामुळें सर्वतोमुखीं झालें. परंतु त्या नांवाचा पाया कॉफीनें घातला होता. तयार पूड दुकानांत मिळूं लागल्यावर मध्यमवर्गीय घरांस दाणे भाजण्याचा आणि कांडण्याचा खटाटोप उरला नाहीं. मात्र बाजारच्या पुष्कळशा पुडींत कॉफीबरोबर कासनीच्या मुळांची भाजलेली पूडहि असे, आणि अजून असते. कासनी म्हणजेच चिकरी. नेपोलियनच्या काळीं समुद्रावरील व्यापार बंद पडल्यामुळें फ्रान्समध्यें कॉफीची टंचाई झाली, तेव्हां या मुळांचा वापर तेथें फार वाढला. काढ्याला गडद रंग व दाटपणा येतो, कॉफी कमी लागते आणि पेला भरलेला दिसतो. कॉफी लांबविण्याची ही तिसरी वाट म्हणावी. तींत पाणी वाढत नाहीं, परंतु पाण्यास कॉफीचा वेष चढविला जातो.

सरकारी पातळीवरहि कॉफीचा प्रसार झाला. १९३५ सालच्या कायद्यानें कॉफीवर कर बसवून त्या पैशांतून एक समिति नेमण्यांत आली, आणि तिच्या विद्यमानें १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेट येथें ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडलें. दुसऱ्या महायुद्धामुळें युरोपची बाजारपेठ तुटली, तेव्हां १९४२ सालच्या कायद्यानें कॉफी मंडळाच्या हातीं सारा व्यवहार गेला. पुढें मंडळानें हीं उपाहारगृहें बंद करावयास घेतलीं, त्या वेळीं तेथील कामगारांनीं सहकारी संस्था काढून तीं आपल्या हातीं घेतलीं. १९५७ सालीं बंगलोर व दिल्ली येथें या सहकारी कॉफी हाउसांस आरंभ झाला.

या साऱ्या घडामोडींत मराठी स्वयंपाकघरानें आपली स्वतंत्र रीत सोडली नाहीं. पातेल्यांत पाणी उकळत ठेवावें, त्यांत साखर व पूड घालावी, दोन उकळ्या आल्या कीं दूध ओतावें, जायफळाची चिमूट टाकावी, झांकण ठेवून मुरूं द्यावें आणि फडक्यानें अगर गाळणीनें गाळावें, अशी ही कॉफी. जायफळ हा तिचा मराठी शिक्का होय. हें झाड कोंकणांतील नारळी-पोफळीच्या सावलींत चांगलें वाढतें, आणि १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण सुगंधा’ नांवाची त्याची जातहि प्रसृत केली आहे. चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, असा घरांतून एक अलिखित भेद असे. दुखणेकरी, उपासकरी आणि मानाचा पाहुणा यांच्यासाठीं कॉफीचा डबा खालीं निघावयाचा.

पाहुणे एकाचे तीन झाले, म्हणजे गृहिणीची परीक्षा सुरू होई. डब्यांत पूड थोडी, महिनाअखेर जवळ आलेली, आणि ओसरीवर माणसें बसलेलीं. अशा वेळीं कोणी गाळलेला चोथा पुन्हां पातेल्यांत टाकून दुसरें पाणी उकळी, तर कोणी पहिल्याच कॉफींत ऊन पाणी व दूध वाढवून ती पुरवी. पहिल्या रीतीची कॉफी रंगानें काळी, पण जिभेस कडवट व तुरट लागे, आणि ती झांकण्यास साखर दुप्पट पडे. दुसऱ्या रीतीची कॉफी फिकी दिसे. परंतु ती कॉफीच असे. अनुभवी गृहिणी दुसरी रीत पत्करीत. त्यामागील रसायनशास्त्र त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. पण जीभ हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

अगदीं हाच प्रश्न सातासमुद्रांपलीकडे इटलींत यंत्राच्या रूपानें उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील उपाहारगृहांत गिऱ्हाइकांची गर्दी वाढली, आणि कॉफी मुरत ठेवण्यास कोणापाशीं वेळ उरला नाहीं. १८८४ सालीं तूरिन शहरांत आंजेलो मोरिओंदो यानें वाफेच्या साह्यानें कॉफी करणाऱ्या एका यंत्राचें पेटंट घेतलें आणि त्याच वर्षींच्या प्रदर्शनांत तें मांडलें. तें एका वेळीं पुष्कळ पेले करी. १९०१ सालीं मिलानच्या लुइजी बेझेरा यानें त्यांत मोठी सुधारणा केली: दांड्याच्या लहान चाळणींत एकाच पेल्यापुरती पूड भरावयाची आणि बॉयलरमधील पाणी तिच्यांतून थेट पेल्यांत उतरावयाचें. देझिदेरिओ पावोनी यानें त्याचे हक्क विकत घेतले आणि १९०५ पासून हीं यंत्रें बाजारांत आणलीं. गिऱ्हाइकासमोर, त्याच्यापुरती, तत्काळ काढलेली म्हणून ती ‘एस्प्रेसो’.

तथापि या जुन्या यंत्रांचा दाब वाफेचा असल्यामुळें वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीडपट असे. पाणी फार तापून पूड करपे, आणि निघणारी कॉफी गाळलेल्या कॉफीसारखीच पातळ व पेलाभर असे. आज ज्या दाट, फेंसाळ, आखुड कॉफीस जग एस्प्रेसो म्हणतें, ती अद्याप जन्मासच आली नव्हती. तिचा जनक मिलानचा आक्किले गाज्जिया. वाफ पुडीस लागूं नये म्हणून त्यानें निराळ्या युक्तीचें पेटंट १९३८ सालीं घेतलें, आणि महायुद्ध संपल्यावर १९४७-४८ च्या सुमारास तरफ व स्प्रिंग यांवर चालणारें यंत्र सिद्ध केलें. तरफ खालीं ओढली कीं स्प्रिंग दाबली जाई. ती सुटतांना दट्ट्या पाण्यास आठ-दहापट दाबानें पुडींतून रेटी. पेल्यावर सोनेरी तपकिरी फेंसाचा थर प्रथम दिसला तो या यंत्रानें. हा कसला मळ वर आला, अशी शंका प्रथम गिऱ्हाइकांस आली. पुढें तोच थर उत्तम कॉफीची खूण ठरला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. गाज्जियाच्या दट्ट्याखालील नळकांड्यांत मावे तेवढेंच पाणी एका वेळीं पुडींतून जाई, आणि तें होतें सुमारें ३० मिलिलिटर. एस्प्रेसोचा पेला आखुड झाला तो कोणा रसिकाच्या आग्रहामुळें नव्हे, तर नळकांड्याच्या मापामुळें. पुढें १९६१ सालीं फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ या यंत्रानें तरफेच्या जागीं विजेचा पंप आणला, तेव्हां हवें तितका वेळ, हवें तितकें पाणी एकाच दाबानें पुडींतून सोडणें शक्य झालें. आजची ‘लुंगो’ या पंपाची लेंक आहे. यंत्रास थांबविण्याचें कारण उरलें नाहीं, म्हणून कोठें थांबावें हें माणसानें ठरविण्याची वेळ आली.

दुसरी वाट पाण्याची. महायुद्धांत इटलींत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांस तेथील कडक कॉफी मानवेना, म्हणून ते तींत ऊन पाणी घालून घेत, आणि त्यावरून तिला ‘अमेरिकानो’ हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील लोकांनीं क्रम उलटा केला: पेल्यांत आधीं ऊन पाणी घ्यावयाचें आणि त्यावर एस्प्रेसो सोडावयाची, म्हणजे फेंसाचा थर मोडत नाहीं. गोष्ट लहान खरी, परंतु सुगरणीच्या हाताचा गुण अशा लहान गोष्टींतच दिसतो.

आपल्याकडे मात्र एस्प्रेसोचें नांव आधीं आलें आणि वस्तु मागून. महाराष्ट्रांतील मंगल कार्यालयांत कित्येक वर्षें ‘एस्प्रेसो कॉफी’ या नांवानें जें पेय मिळत आलें, त्याचा इटलीच्या दाबाशीं कांहीं संबंध नव्हता. फस्सकन् आवाज करणाऱ्या चकचकीत यंत्राच्या नळींतून वाफ येई. तिनें दूध, साखर व विरघळणारी कॉफी यांचें मिश्रण फेंसाळून निघे, आणि वर कोकोची चिमूट पडे. घरीं यंत्र नसे, तेथें विरघळणारी पूड, साखर आणि पाण्याचे चार थेंब वाटींत घेऊन पांढुरकें होईतों चमच्यानें फेटीत, आणि त्यासहि एस्प्रेसोच म्हणत. मुलांच्या हाताला कामहि मिळे. या पेयाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. तें चवदार होतें व आहे. परंतु नांव व वस्तु यांची अशी फारकत झाल्यामुळें, खरें यंत्र घरांत आल्यावर त्यापासून काय अपेक्षावें याविषयीं पुष्कळांची निराशा झाली. अंगठ्याएवढा पेला पाहून यंत्र बिघडलें असावें अशीच पहिली समजूत होते, आणि मग कळ दाबून धरून त्याच पुडींतून पेलाभर पाणी काढण्याचा मोह आवरत नाहीं.

हा मोह का आवरावा, याचें उत्तर रसायनशास्त्र देतें. भाजलेल्या कॉफीच्या वजनाचा सुमारें तीस टक्के भाग पाण्यांत विरघळूं शकतो. परंतु १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञानें केलेल्या अभ्यासावरून असें ठरलें, कीं त्यांपैकीं अठरा ते बावीस टक्केच पेल्यांत उतरावें; त्याहून कमी उतरल्यास कॉफी आंबट व पोकळ लागते, आणि अधिक उतरल्यास कडू व तुरट. कारण पुडींतील सर्व द्रव्यें एकदम सुटत नाहींत. आंबटपणा व सुगंध अगोदर येतात, गोडवा त्यामागून, आणि कडवट तुरट द्रव्यें सर्वांत शेवटीं. चोथा पुन्हां उकळणाऱ्या पातेल्यांत आणि अतोनात लांबविलेल्या लुंगोंत एकच चूक घडते: जें पुडींतच राहावयास हवें होतें, तें पेल्यांत येतें.

तेव्हां घरीं लांब कॉफी करावयाची ती कशी? यंत्र असेल तर १८ ग्रॅम पुडींतून पंचवीस-तीस सेकंदांत सुमारें ३६ ग्रॅम कॉफी काढावी. पेल्यांत आधींच शंभर मिलिलिटरच्या आसपास कढत पाणी घेतलेलें असावें, आणि कॉफी त्यावर अलगद सोडावी. ज्यास खरीखुरी लुंगोच हवी, त्यानें पूड थोडी भरड दळावी, म्हणजे पाणी लौकर पार होईल. आणि पुडीच्या तिप्पट, फार तर चौपट वजनाशीं थांबावें. धार फिकट पिवळी दिसूं लागली, कीं पेला दूर करावा.

यंत्राची किंमत सर्वांस परवडेलच असें नाहीं, आणि तें नसल्यानें कांहीं अडतहि नाहीं. इटलींत १९३३ सालीं आल्फोन्सो बियालेत्ती यानें प्रचारांत आणलेलें अठकोनी मोका पात्र आज आपल्या बाजारांतहि मिळतें. त्याच्या खालच्या कप्प्यांत झडपेच्या खालपर्यंत पाणी, मधल्या चाळणींत न दाबतां सपाट भरलेली पूड, आणि खालीं मंद आंच, एवढेंच त्याचें तंत्र. त्याचा दाब दीडपटीच्या आसपास असल्यानें ती खरी एस्प्रेसो नव्हे. परंतु अर्क दाट उतरतो. वरच्या कप्प्यांत गुरगुर ऐकूं येतांच पात्र आंचेवरून उतरावें, कारण त्यानंतर येते ती वाफेनें खरडून काढलेली कडवट कॉफी. उतरलेल्या अर्कांत हवें तेवढें ऊन पाणी मिसळावें. लांबी पाण्यानें द्यावी, पुडीला पिळून काढूं नये, हा नियम पितळी गाळणपात्रास, मोका पात्रास आणि हजारों रुपयांच्या यंत्रास सारखाच लागू आहे.

आतां पुन्हां अलोऱ्याकडे वळूं. पोफळीस एकदां राबलेलें पाणी अलोऱ्यास दुसऱ्यांदा राबतें, आणि त्याच्या कामांत कांहीं उणें पडत नाहीं. कारण कोळकेवाडीच्या धरणानें त्यास आणखी ११० मीटरांचा उतार राखून ठेविला आहे. पाण्यास दुसरा उतार मिळतो, म्हणून तें दुसऱ्यांदा उपयोगी पडतें. चोथ्यास असा दुसरा उतार नाहीं. त्याच्यापाशीं चांगलें होतें तेवढें पहिल्या पाण्याबरोबर गेलें. उरला तो कडवटपणा. पाहुणा दारीं आला असतां पूड थोडी असेल, तर त्यास फिकी कॉफी द्यावी आणि ती फिकी आहे असें हंसून सांगावें; त्यांत यजमानाचें कांहीं कमी होत नाहीं. काळा रंग दाखवून कडू पाणी पाजण्यापेक्षां तो व्यवहार सरळ आहे, आणि आपल्या घरांतील जुन्या गृहिणी बहुधा तसाच करीत आल्या.